व्हेनिसचं प्रस्थान

वडिलांनी आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले. बागेचा, महालाचा, देवळाचा, आणि मागणी आली तर रस्त्याचा. कोल्हापुरात हे काम करणारे आणखीही होते, पण पाण्याच्या रस्त्याचा पडदा हवा असला की मंडळ्या आमच्याच घरी येत. तरुणपणी वडिलांनी तो बिस्किटांच्या एका डब्यावरच्या चित्रावरून उचलला होता. दोन्ही बाजूंना उंच घरं, मध्ये रस्त्याच्या जागी पाणी आणि पाण्यावर कमानीचा पूल. चित्राखालचं नाव एका मास्तरांनी वाचून दाखवलं, व्हेनिस. त्या पडद्यापुढं इचलकरंजीच्या मागकामगारांच्या मंडळांनी शिवाजी महाराजांचा दरबारही भरवला आहे. कुणी हरकत घेतली नाही.

त्या पडद्यात एक खोट होती आणि ती वडिलांना सलत असे. डब्याचा खालचा भाग गंजलेला होता. घराची भिंत पाण्याला मिळते तिथं पायरी असते, की चौथरा असतो, की भिंत तशीच सरळ खाली उतरते, हे चित्रात दिसत नव्हतं. म्हणून प्रत्येक पडद्यात त्यांनी नेमक्या त्या जागी एक होडी बांधून ठेवली. लोकांना ती होडी फार आवडायची. वडील तिच्याकडे बघायचेही नाहीत.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला लागला. ऐंशी साल उलटून गेल्यावर, तिथं नीट बस्तान बसल्यावर, त्यानं लिहिलं की आई-वडिलांना इकडं बोलवतो, हवं ते दाखवतो. आईनं सरळ नाही म्हटलं. "पाण्यातली घरं बघाय एवढ्या लांब कशाला जायाचं? पंचगंगेला पूर आला की हितंच दिसत्यात की." वडिलांनी मात्र हात पुसले, माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "व्हेनिस तिथनं किती लांब हाय, इचार त्याला."

असं ठरलं की वडिलांबरोबर मी जायचं. भावाच्या गावी दोन दिवस विश्रांती, मग रेल्वेनं व्हेनिस, तिथं चार दिवस, आणि परत. सगळं जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो आणि कागदावर नीट मांडल्याखेरीज मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. भावानं त्या शहराचा नकाशा पाठवला. मी दोरा घेऊन बसलो. स्टेशनपासून उतरायच्या जागेपर्यंत, तिथून मोठ्या चौकापर्यंत, चौकापासून होडीच्या धक्क्यापर्यंत, दोरा नकाशावर वळवत न्यायचा आणि पट्टीवर मोजायचा. अंतरं काही फार नव्हती. पण भावानं पुढच्या पत्रात एक गोष्ट कळवली. त्या शहरात गाडी, रिक्षा, सायकल, काहीच नाही. माणूस एकतर पायी जातो, नाहीतर होडीनं. आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, चढायच्या आणि उतरायच्या.

मी दोऱ्याच्या वाटेवरचे पूल मोजायला लागलो आणि अर्ध्यावर थांबलो. वडील सत्तरीच्या जवळ आलेले होते. हल्ली गंगावेशीतून भाजी घेऊन घरी येताना ते मध्ये दोनदा उभे राहत, कुणाशी तरी बोलल्यासारखं करत. मला ते दिसत होतं. मी त्यांना पायऱ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "सवय करतो." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी पंचगंगेच्या घाटावर जायला लागले. घाट उतरायचा, चढायचा, पुन्हा उतरायचा. घाटावर तालमीतली पोरं अंघोळीला असत, ती मला नंतर सांगत की आजोबा पाण्याच्या काठाला फार वेळ बसून असतात, भिंतीकडं बघत.

तिकिटं शुक्रवारची निघाली. आईनं वार ऐकला आणि हातातलं काम थांबवलं. शुक्रवारी पश्चिमेला जाऊ नये, हे तिला लहानपणापासून माहीत. मी तिला समजावलं की आम्ही मुंबईला जाणार, म्हणजे उत्तरेला. आणि खरं बघितलं तर आपली रेल्वे आधी पूर्वेला, हातकणंगल्याकडे जाते. ती म्हणाली, "गाडी कुठंबी जाऊ दे. तो देश पश्चिमेला हाय न्हवं?"

यावर तिच्याकडं तोडगा होता. तिचं माहेर मलकापूरचं. तिचे वडील आणि चुलते गुळाच्या गाड्या घेऊन घाटाखाली कोकणात जायचे, आणि जायच्या दिवशी वार वाईट असला तर चांगल्या दिवशी आधीच प्रस्थान ठेवायचे. म्हणजे प्रवाशाच्या अंगावरचा एक कपडा, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ असं गाठोडं बांधून जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडं ठेवायचं. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. मग तो स्वतः कुठल्याही वारी जाऊ शकतो. पुष्कळ घरांत ही रीत होती, पण आईच्या माहेरी ती जरा कडक होती. प्रस्थान ठेवलेला माणूस मधल्या दाराच्या आत यायचा नाही. त्याचं जेवण, झोपणं बाहेर सोप्यात. आणि गाठोडं घरी माघारी आणायचं नाही, काही झालं तरी. तिच्या एका चुलत्यानं पावसामुळं जाणं रद्द करून गाठोडं परत आणलं होतं. महिना पुरा व्हायच्या आत तो गेला. आई हे सांगताना आवाज चढवायची नाही. पाहिलेली गोष्ट सांगावी तशी सांगायची.

मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, तिच्या मनाचं समाधान होऊ दे. वडिलांनी अंगातला जुना, रंगांचे डाग पडलेला सदरा काढून दिला. रंकाळ्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, आमच्यापासून तिसऱ्या घरात, एक शिक्षक राहत. त्यांच्या कोनाड्यात आईनं सोमवारी गाठोडं ठेवलं. वडिलांची कॉट सोप्यात आली.

बुधवारी मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं. इटलीचा शिक्का पासपोर्टावर अजून पडलेला नव्हता, आणखी काही कागद हवे होते, तिकिटं पुढे ढकलावीत. मी कागद पाठवले. पुढची तारीख घेतली. त्या तारखेच्या आधी पुन्हा तसंच पत्र आलं.

दरम्यान वडील सोप्यात राहत होते. आई त्यांचं ताट मधल्या दाराशी आणून ठेवी आणि ते हात लांब करून घेत. आतल्या खुंटीवरचे त्यांचे कपडे बाहेर गेले. जेवताना आम्ही आत ओळीनं बसायचो, तर पहिल्या दिवशी त्यांची जागा मोकळी सोडली होती, आठवड्याभरात पाट सरकत सरकत ती बुजून गेली. कुणी मुद्दाम केलं नाही. माझी धाकटी मुलगी त्यांना पाहुणे आजोबा म्हणायला लागली. पेठेतले त्यांचे जुने दोस्त संध्याकाळी यायचे, ते पायरीवरूनच विचारायचे, "काय पावणं, कुठनं आलासा? मुक्काम किती दिस?" वडील हसायचे. नंतर नंतर हसून झाल्यावर ते खरंच काहीतरी उत्तर शोधायला लागायचे.

मला सगळ्यात जास्त खटकली ती निराळीच गोष्ट. घरातल्या लहानसहान बाबतीत वडील फार बोलायचे. नळ ठिबकतोय, कौल सरकलंय, भाजी महाग आणली, दूध पातळ आहे. सोप्यात गेल्यापासून ते हळूहळू बंद झालं. पाऊस येऊन स्वयंपाकघरात गळायला लागलं, तर मी त्यांना विचारलं की कौलं शाकारणाऱ्याला बोलवायचं का. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." ते रागानं म्हणाले नव्हते. बसस्टँडवर एखाद्या अनोळखी माणसाला आपण वाट विचारावी आणि त्यानं मी इथला नाही म्हणावं, तसं म्हणाले.

शिक्षकांच्या बायकोनं एक दिवस आईला गाठलं. "ताई, तुमचं गाठोडं दुसरीकडं हलवा. माणूस तुमच्या सोप्यात आणि त्याचं जाणं माझ्या कोनाड्यात. दिवा लावाय गेलं की जिवाला घोर लागतोय." आई तिला दोष देईना. तिनं माहेरच्या रिवाजाप्रमाणं विचार केला. गाठोडं मागं आणता येत नाही, पण पुढं नेता येतं. मला एका सुटीच्या दिवशी तिनं एस.टी.त बसवून दिलं आणि मी ते गाठोडं मांडीवर घेऊन मलकापूरला मामाकडं पोचवून आलो. हिशेबात पक्का असलेला मी, बांबवड्यापाशी गाडीला धक्के बसायला लागल्यावर ते दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

घरी आलो तर वडिलांनी विचारलं, "पोचलो का मी?"

ते गमतीनं म्हणाले असतील. आई दारात उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत घाटावरून निरोप आला. वडील पायऱ्या चढताना खाली बसले होते आणि उठत नव्हते. तालमीच्या पोरांनी त्यांना हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेलं होतं. आमच्या डॉक्टरांनी ई.सी.जी.ची पट्टी काढली, छातीचा फोटो काढला आणि दुपारी आई, मी आणि वडील अशा तिघांसमोरच स्पष्ट सांगितलं. हृदय मोठं झालंय, दमलंय. सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही. जिना नको, घाट नको, विमान अजिबात नको. मी व्हेनिसच्या पुलांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वडिलांकडं वळून म्हणाले, "आजोबा, तिथं गेलात तर तुम्हाला आणायला मुलाला पेटी करावी लागेल. हे मी आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर बोल नको."

मला सुटल्यासारखं झालं. बेत रद्द, एवढंच काय ते. घरी येऊन मी भावाला तार करायला निघालो, तर आईनं मला थांबवलं. जी आई या प्रवासाच्या पहिल्यापासून विरुद्ध होती, ती म्हणाली की रद्द करता येणार नाही. गाठोडं मलकापुरात आहे. बेत मोडला तर ते माघारी आणायला पाहिजे, आणि माघारी आणायचं नाही.

मी म्हटलं, मग तिथंच राहू दे. ती म्हणाली, तिथं ठेवून माणूस इथं राहिला, तर तो गेलेलाच राहिला.

मी त्या दिवसांत तिच्याशी फार वाद घातला. डॉक्टरांचं म्हणणं एका बाजूला ठेवलं, चुलत्याची गोष्ट दुसऱ्या बाजूला, आणि कुठं पुरावा आहे, कुठं नाही, हे मांडून दाखवलं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मग तू आणतोस का जाऊन?" इथं मी अडायचो. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण गाठोडं आणल्यानंतर वडिलांना काही झालं असतं, तर ते डॉक्टरांच्या पट्टीतलं दुखणं म्हणायचं की मी आणलेलं, हे मला आयुष्यभर ठरवता आलं नसतं. मामानंही कळवलं की मी आणून देणार नाही. अशा रीतीनं एक मोडायचा बेत मोडायला कुणीच तयार होईना. आणि दिवस चालले होते. एजंटाचं पत्र आलं, इटलीचा शिक्का मिळाला. तिकिटं पक्की झाली. भावाला डॉक्टरांचं कळवलं होतं, पण त्याचं उत्तर यायला वेळ होता.

वडिलांना विचारलं, तर ते सोप्यातून पेठेकडं बघत म्हणाले, "मला काय इचारताय? मी कवाच निघालोय." त्यांनी दाढी करून घेतली. रंगांचे कुंचले धुऊन, बांधून, गल्लीतल्या एका होतकरू पेंटरला देऊन टाकले. मी त्यांची बॅग भरत होतो. जाण्याचे कपडे त्यांनी सांगितले. येतानाचे कुठले ठेवू, असं विचारलं तर म्हणाले, "बघू."

जायला चार दिवस उरले होते, तेव्हा एका सकाळी आई घरात नव्हती. बायकोनं सांगितलं की अंबाबाईला जाऊन येते म्हणाल्या. दुपारचं जेवण झालं तरी आली नाही. मी देवळात जाऊन आलो, शिक्षकांकडं चौकशी केली. वडील कॉटवर बसून होते, त्यांनी काही विचारलं नाही. ऊन उतरायला लागल्यावर ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. एकटी एस.टी.नं मलकापूरला जाऊन आली होती. तिच्या हातात गाठोडं होतं. तिला गाडीत बसायला जागा मिळाली नसावी, कारण चालताना ती एक पाय जपून टाकत होती.

शेजारच्या दारांत बायका उभ्या राहिल्या.  शिक्षकांची बायको आत निघून गेली आणि तिनं दार लावून घेतलं, ते मला ऐकू आलं. आई पायरीशी आली, थांबली, आणि गाठोडं पोटाशी धरून उंबऱ्याच्या आत आली. सोप्यातून, वडिलांच्या समोरून, मधल्या दारातून आत. मी मागोमाग गेलो. तिनं ते देवासमोर ठेवलं, गाठ सोडली आणि सदरा झटकून खुंटीला अडकवला.  मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "मी आणलंय. जे हुयाचं ते माझं हुईल. तू तार कर जा."

ती बाहेर येऊन मधल्या दारात उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली की आता आत या, जेवण वाढते.

वडील उठले नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "मी गेलतो. तू मला माघारी आणलंस."

"आणलं," आई म्हणाली. "राग धरायचा असंल तर धरा. पण जिते राहून धरा."

ते त्या रात्री आत जेवले. पाट सरकवून आम्ही जागा केली. जेवताना ते कुणाकडं बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तार केली, तिकिटं परत पाठवली.

त्यांनी तो राग धरला. आईशी थेट बोलणं त्यांनी बंद केलं. चहा हवा असला तर माझ्या बायकोला सांगत, औषध संपलं तर मला. आई शेजारी उभी असली तरीही. पडदे रंगवणं तर सुटलंच होतं. भावानं व्हेनिसचे फोटो पाठवले, त्यांत एका फोटोत भिंत पाण्यात उतरलेली स्पष्ट दिसत होती, खाली हिरवं शेवाळ आणि झिजलेल्या विटा. मी तो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितला आणि म्हणाले की त्यानं काढला, त्यानं बघितलं.

बाहेरच्यांना वाटायचं, या वयात नवरा-बायकोत असं असावं का. मलाही वाईट वाटायचं. आईला मात्र त्याचं काही वाटत नसे, आणि ते का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वडील बसल्या जागी फार वेळ गप्प झाले, चेहरा उतरला, हात मांडीवर सैल पडले, की ती मधल्या दारात येऊन कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलायची. त्या व्हेनिसात म्हणं लई डास असत्यात. नाहीतर, तिथं म्हणं घरं कलत्यात, एक दिस सगळीच बुडणार. तेवढ्यापुरता अबोला विसरून वडील ताडकन वळायचे. "तुला काय ठावं गं व्हेनिस? गाव तरी बघितलंस का कधी मलकापूर सोडून?" आवाज चढायचा, कान लाल व्हायचे. आई परत चुलीकडं जायची. माझी बायको सुरुवातीला म्हणायची की सासूबाई उगीच त्यांना डिवचतात. आई नाडी बघत होती. रोज, कधी दिवसातून दोनदा, ती त्यांना राग येतो का ते बघत होती, आणि येतोय म्हटल्यावर पुढच्या कामाला लागत होती.

असं दीड-दोन वर्षं चाललं. आईला स्वतःला काही झालं नाही. गाठोड्याचा विषय घरात कुणी काढत नसे, पण अमावास्येला ती उपास धरायला लागली होती आणि तो कशासाठी ते सांगत नव्हती.

पितृपंधरवड्याच्या आधीचे दिवस होते. दुपारी मी आतल्या खोलीत कारखान्याचं काही काम घेऊन बसलो होतो. वडील सोप्यात, कॉटवर, भिंतीला टेकून. आई मधल्या दारात आली. मला तिची पाठ दिसत होती. नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "त्या व्हेनिसातल्या पाण्याला म्हणं घाण वास मारतोय."

वडिलांनी मान वळवली. तिच्याकडं बघितलं, थेट तिच्याकडं. आणि म्हणाले, "मारत असंल."

 आई आत आली, माझ्यापाशी वाकली आणि वडिलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "डॉक्टरांना घेऊन ये. सायकल घे, चालत जाऊ नगंस."